तळहातावरचं पान

आत गेलेल्या सासू-सुना सातव्याच मिनिटाला बाहेर आल्या. भेटीला वीस मिनिटं मिळतात. मी घड्याळ पाहिलं, मग कस्तुराबाईंकडे.

"आला न्हाई," त्या म्हणाल्या. "तब्येत बरी न्हाई म्हणून निरोप धाडला. शिपायाला इचारलं तर म्हनला, चांगला बसलाय पेपर वाचत."

मागून पुनम आली. त्यांची सून, आत असलेल्या आदिनाथची बायको.  ती माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलून घटाघटा प्यायली.

नांदेडच्या कारागृहासमोर, रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली आमच्या संस्थेचं एक टेबल असतं. बुधवारी तिथं मी बसते. भेटीचा अर्ज कसा भरायचा, ओळखपत्र कोणतं चालतं, सरकारी खर्चानं वकील कसा मिळतो, हे कैद्यांच्या घरच्यांना सांगायचं. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलंय, त्यामुळे मोजायची सवय आहे. कुणी सांगितलेलं नसताना मी एका वहीत लिहून ठेवते की आत कोण किती मिनिटं बोललं.

अर्धापूरजवळच्या गावात बांधावरून भांडण झालं, आदिनाथची काठी शेजाऱ्याच्या डोक्यात बसली. तो माणूस वाचला. आदिनाथ मात्र खटला संपायची वाट पाहत चौदा महिने आत आहे. वहीत त्याच्या नावापुढे सुरुवातीला वीस, वीस, अठरा असे आकडे होते. नंतर बारा. नऊ. चार. आज शून्य.

"मावशी, मागच्या वेळी काय बोलणं झालं?"

"तुमच्या कागदात हाय तेच." कस्तुराबाईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "आमी म्हनलं, सगळं बरं हाय. तो म्हनला, बरं. आमी म्हनलं, तू बरा हायस का? तो म्हनला, बरा हाय. झालं."

तो कागद मीच तयार केला होता, तीन महिन्यांपूर्वी. 'भेटीत काय बोलावं'. आतल्या माणसाला काळजी वाटेल असं काही सांगू नका. आजारपण, शेतातल्या अडचणी टाळा. घरी सगळं ठीक आहे असं सांगा. मुद्देसूद झालाय म्हणून मी स्वतःवर खूश होते. वहीतला बाराचा आकडा कागद दिल्यानंतरचा होता, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

बाकड्यावर दानम्मा बसली होती. उदगीरकडची, इथं नांदेडात दिलेली. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे पहिल्यापासून वीसच्या खाली आकडा नाही.

"दानम्मा, तुला कागद दिला होता ना मी?"

"दिला की. मला कुठं वाचाया येतंय? चटणी बांधली त्यात."

"मग तुम्ही काय बोलता वीस मिनिटं?"

"भांडतो." तिनं सरळ सांगितलं. "पत्रा गळतोय म्हनलं की तो म्हनतोय तुला जागाच घावली नसंल. मी म्हनते, तू ये की मग वर चढायला. शिपाई उठवतोय तवा थांबतो." मग ती कस्तुराबाईंकडे वळली. "तुमच्या घरी त्याच्याबिगर सगळं बरं चाललंय, तर त्यानं भेटीला कशाला यावं हो अक्का? झोपू द्या की त्याला."

कस्तुराबाईंना राग आला. पुनमला नाही. तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि मला म्हणाली, "ताई, आता एकच बुधवार. पुढच्याला आले न्हाईत तर मी येणार न्हाई. आत्या येतील. मी काय भिंतीला भेटायला येऊन राहिले का?"

ती खरंच तसं करील असं वाटलं. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता.

"घरी काय चाललंय?" मी विचारलं. "बरं आहे हे सोडून."

तिनं सासूकडे पाहिलं. "केळीवर करपा पडलाय. खालच्या पानांवर डाग हायत. कुणी म्हनतं, सगळी डागाची पानं काप. कुणी म्हनतं, कापलीस तर घड भरणार न्हाई. दुकानदार नुसतं औषध दाखवतो. केळी ह्यांनी लावलेली, हे तिचं दुसरं पीक, मला पाणी सोडण्यापलीकडं काय ठाव?"

"आदिनाथदादांना सांगितलं?"

"कागदात न्हाई म्हणलंय ना," ती म्हणाली.

मी बॅगेतून पोस्टकार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं. तिनं उभ्याउभ्याच लिहिलं: 'केळीच्या पानांवर डाग आलेत. किती पानं कापावी कळेना. बुधवारी येते. आला न्हाईत तर मी माझ्या मनानं कापते.' शेवटचं वाक्य जरा सौम्य करूया, असं मी सुचवलं. ती म्हणाली, "नको. तेच वाचून आले तर येतील."

पत्र आत जाण्याआधी तपासलं जातं. आठवड्यात त्याच्या हातात पडेल याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं.

पुढच्या बुधवारी पुनम ओल्या पेपरात गुंडाळून केळीच्या पानाचा तुकडा घेऊन आली. फाटकावर तो अडवला. बाहेरची वस्तू आत न्यायची नाही आणि भेट काचेपलीकडून, फोनवर. ती परत टेबलाशी आली.

"आता काय सांगू, ताई? डाग म्हनले की डाग. ते इचारणार, केवढा? कसला?"

मी पान टेबलावर पसरलं. डाग लांबट होते, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, त्याभोवती पिवळं. माझ्या बॅगेत कॉलेजपासूनची सहा इंची स्टीलची पट्टी असते. मोठा डाग नऊ मिलिमीटर भरला, रुंदी तीन.

"हात द्या," मी म्हटलं.

तिच्या डाव्या तळहातावर मी बॉलपेननं पानाची शीर काढली आणि त्याच मापाचे पाच डाग. मधला भाग मोकळा सोडला. पिवळ्याचं काय करावं कळेना. तेव्हा कस्तुराबाईंनी कमरेच्या पिशवीतून देवीची हळद काढली आणि एका बोटानं प्रत्येक डागाला कडं केलं.

"घामानं पुसंल गं, मूठ झाकू नको," त्यांनी बजावलं.

फाटकावरच्या शिपायानं तिचा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "हे काय?"

"केळीचं पान," पुनम म्हणाली. त्यानं सोडलं.

मी घड्याळ समोर ठेवलं. सातवं मिनिट गेलं. फाटकातून एक म्हातारा बाहेर आला, त्या दोघी नाहीत. दहा झाली. एका बाईचा अर्ज भरून दिला आणि तिचं आडनाव दोनदा चुकवलं. पंधरा. वीस. तेविसाव्या मिनिटाला पुनम आली, तोंड लालबुंद.

"कार्ड पोचलं होतं. लई बोलले मला," ती दुरूनच म्हणाली. "डोळे फुटले होते का म्हनले! महिना झाला सरीत पाणी तुंबलंय आन् तू आता सांगायलीस? हात काचेला लावायला लावला. वर धर, खाली धर, उजेडात धर. डाग कडेपासून चालू झाला का मधून, इचारलं. मी म्हनलं मधून. मग करपाच हाय म्हनले."

"मग?"

"लिहा ताई, इसरायच्या आत. खालची तीन-चार पानं कापायची, शेताबाहेर नेऊन जाळायची. वरची दहा तरी ठेवायची, न्हाई तर घड भरत न्हाई. पाणी तोडायचं, सरी मोकळी करायची. औषध त्याच्यानंतर." ती श्वास घ्यायला थांबली. "आन् पुढच्या बुधवारी धा झाडांची पानं मोजून आण म्हनले. कुठल्या ओळीतली तेबी सांगितलंय. मी म्हनलं, मी काय तुमची गडी हाय का? तर म्हनले, मग येऊ नको."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, येणार. बघते कशे येत न्हाईत तुमी."

मागून कस्तुराबाई येऊन बाकड्यावर बसल्या आणि दानम्माला सांगू लागल्या, "माझ्यासंगं बोलायला दोघांनी एक मिनिट ठेवलं न्हाई. शेवटाला फोन माझ्या हाती आला तर म्हनतो, आई, हिच्यावर ध्यान ठेव, ही झाडं मारती." दानम्मा खदाखदा हसली.

मी वहीत वीस लिहिलं. टेबलाखालच्या गठ्ठ्यात कागदाच्या साठेक प्रती उरल्या होत्या, त्या काढून बॅगेत घातल्या. पाठकोरे म्हणून चालतील.

अर्धापूरच्या बसची वेळ झाली होती. निघताना पुनम थांबली. तळहातावर आता निळा-पिवळा डाग तेवढा उरला होता.

"ताई, ती पट्टी देता का? डाग वाढतो का थांबतो, ते माप घेऊन सांगायचं हाय. बुधवारी परत देते."

मी पट्टी दिली. तिनं ती पानासोबत त्याच ओल्या पेपरात गुंडाळली.