लाखनीचा ड्रिल बिट आणि सानगडीचा पाळणा

मित्रांनो, मी एक जुना ड्रिल बिट आहे. तुमच्या करंगळीएवढाच, पण कार्बाइडचा! हे सांगताना माझी मान जरा ताठ होते, तेवढे समजून घ्या.

टंगस्टन कार्बाइडची करडी भुकटी कोबाल्टमध्ये मिसळून साच्यात दाबली, भट्टीत भाजली आणि मग हिऱ्याच्या चाकावर मला धार लावली. साधे लोखंड माझ्यापुढे अगदी मऊ. दुखणे एकच, मी जेवढा कडक तेवढाच ठिसूळ. वाकणे मला जमत नाही, मी सरळ मोडतो.

लाखनीत हायवेला लागून रूपाताईंचे वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, धान कापायची यंत्रे, साऱ्यांची दुखणी तिथे येतात. मी आणि माझा जुळा भाऊ तिथे एकदमच आलो. रूपाताईंचा धाकटा भाऊ अंकुश याला घरात भिंतीवर फळी बसवायची होती. सगळ्यात महागाचा बिट म्हणजे भिंत लोण्यासारखी कापणार, असे त्याने ठरवले आणि माझ्या भावाला ठोके देणाऱ्या हातमशीनमध्ये लावले. झाले! भावाचे तुकडे झाले आणि फळी जमिनीवरच राहिली.

भिंतीचा बिट वेगळा असतो हो. त्याचे अंग पोलादाचे आणि फक्त टोकाला कार्बाइड, म्हणून तो ठोके सोसतो. लाकडाला आणि साध्या लोखंडाला साधा पोलादी बिट पुरतो. मला बोलवायचे ते जिथे पोलादच कडक आहे तिथे.

त्यानंतर रूपाताईंनी मला डबीत घालून वरच्या खणात ठेवले. खाली बाकीचे बिट दिवसभर कीस उडवत, गप्पा मारत आणि मी नुसता ऐकत असे. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटे.

मग दिवाळीनंतर सानगडीच्या मंडईचा दिवस उजाडला. आमच्याकडे मंडई म्हणजे गावोगावची जत्रा; पाहुणे येतात, दुकाने लागतात, रात्री नाटक असते. आणि सकाळीच आकाशपाळण्याचे मालक तेजरामकाका टेम्पोतून एक लोखंडी ठोकळा घेऊन धापा टाकत आले. पाळण्याचा दांडा ज्यावर फिरतो, तोच हा ठोकळा. आवळताना त्याचा बोल्ट आतच तुटला होता. तो काढायला घातलेला कडक पोलादी पेचही आत मोडला होता. साधे बिट त्या पेचावर नुसते घासून बोथट झाले होते.

"रूपा, आज पाळणा उभा नाही झाला तं मंडई गेली," काका म्हणाले. "पोट्टे कवाचे येऊन उभे हायेत. हातमशीननंच मारून दे ना वं झटकन!"

अंकुश लगेच हातमशीन घेऊन धावला. मी डबीतच गारठलो.

"ठेव ते खाली!" रूपाताई कडाडल्या. "काका, हातानं धरला का हा बिट हलते, अन् हलला का मोडते. मंग हा बी आत फसन. त्याले काढाले माह्यापाशी काहीच नाही."

त्यांनी ठोकळा उभ्या मशीनच्या टेबलावर पक्का आवळला, पुन्हा सैल केला, नीट सरळ करून परत आवळला. काका येरझाऱ्या घालत होते. मग चष्मा लावून रूपाताईंनी मला मशीनमध्ये बसवले. मित्रांनो, मला भाऊ आठवला. मीही मोडलो तर काकांची मंडई माझ्यामुळे बुडणार होती.

पण त्यांचा हात काय वर्णावा! घाई नाही, धरसोड नाही. मी सरळ उतरत गेलो आणि तो हट्टी पेच कुरकुरत भुगा होऊ लागला. "गेला! गेला!" अंकुश ओरडला. मला बाहेर काढले तेव्हा माझी धार शाबूत होती. उरलेला बोल्ट माझ्या साध्या पोलादी मित्राने काढला, रूपाताईंनी नवे आटे पाडले आणि काका टेम्पोकडे पळत सुटले.

संध्याकाळी रूपाताई अंकुशला घेऊन सानगडीला गेल्या. मलाही डबीसकट खिशात घातले; का, ते मला कळेना. पाळणा आधी रिकामा फिरवून पाहिला. तेजरामकाकांचा एक रिवाज आहे. पाळणा उभा करायला ज्याचा हात लागला, तो पहिल्या फेऱ्यात फुकट बसतो.

"ये वं रूपा, बस!" काकांनी हाक मारली.

रूपाताईंनी खिशातून माझी पारदर्शक डबी काढली. "मी एकटी कायले बसू? यानंच तं उभा केला तुमचा पाळणा."

काका खो खो हसले. "मंग त्याले बी बसव!"

आणि रूपाताईंच्या हातातल्या डबीत मी पाळण्यात बसलो. शेजारी अंकुश डोळे घट्ट मिटून बसला होता. पोरे किंचाळत होती, खाली जिलेबीची दुकाने, दिवे, पलीकडे गावचा तलाव.

मुलांनो, एवढेच सांगतो. अवजार महाग म्हणून हाती घेऊ नका, कामाला कोणते लागते ते बघून घ्या. त्याला सरळ धरा आणि काम झाले की पुसून डबीत ठेवा. मग तेही तुम्हाला जीव लावते. आम्हा बिटांचा जन्मच खाली, खाली आणि खालीच जाण्याचा. त्या संध्याकाळी मला जपणाऱ्या हातात बसून मी पहिल्यांदा वर गेलो.