थांबल्यावर लागणारा दम

साहेब, खोदकामावर भूत तुम्ही आणलं. भूत उतरवणाऱ्या बाबाला मजुरांच्या छावणीत तंबू तुम्ही दिला, आणि पंचफुलाला कामावरून काढलं तेही तुम्हीच.

भिलाईच्या पोलाद कारखान्यात भट्टीचा पाया खणणं चालू होतं. पौषातल्या कोरड्या, गार सकाळी तुमचा मुकादम माती वाहणाऱ्या बायांना चढावर पळवायचा. पंचफुला टोपली रिकामी करून टेकली की तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. भोवती ही गर्दी जमायची.

"बिमारी असती तं पळताना आली असती," लोक म्हणत. "बसल्यावर येते, म्हंजे भूतच हाय."

बाबा उदबत्ती लावायचा. "इस जमीन की मालकिन छाती पे बैठी है. हिलना मत." उदबत्ती जळेपर्यंत दम ओसरायचा आणि गर्दी बाबाच्या पायावर पडायची. परवा पंचफुलाने बाबाला उताऱ्याची कोंबडी द्यायला नकार दिला. लगेच ती टोनही ठरली, चेटकीण. हाकला हिला, असा ओरडा झाला आणि तुम्ही तिला फाटकाबाहेर काढलं.

दवाखान्याच्या डॉक्टर वासंतीबाईंकडे ती स्वतः गेली. "मले सगळ्याईसमोर पळू द्या, बाई. टोनही म्हणून जगण्यापरीस दम बरा."

काल ती फाटकाबाहेरच्या चढावर सगळ्यांसमोर पळाली. बसली. छाती वाजू लागली. डॉक्टरबाई औषधाची सुई तयार ठेवून शेजारीच होत्या. बाबा उठला, तर पंचफुलाची नणंद वच्छला आडवी आली. "बसा महाराज. आज तुमच्या मालकिणीले सुट्टी."

उदबत्ती नाही, मंत्र नाही. पंचफुला नुसती बसून राहिली आणि दम हळूहळू सुटला.

"मैंने मन में मंत्र पढ़ा," बाबा म्हणाला.

"मंग कोंबडीबी मनातच खायची होती," वच्छला म्हणाली. हसता हसता गर्दी पांगली.

बाईंनी सांगितलं ते साधं आहे. नाक हवा ओली, उबदार करून आत सोडतं. पळताना आपण तोंडाने भराभर कोरडी, गार हवा ओढतो. श्वासनळ्यांचं अस्तर सुकतं. ज्यांच्या नळ्या हळव्या, त्यांच्या नळ्यांभोवतीचे स्नायू मग आवळतात. त्याचा जोर पळणं थांबल्यावर वाढतो, आणि बहुधा विसाव्याने आपोआप उतरतो. नाही उतरला तर औषध आहे. बाबा फक्त तो विसावा स्वतःच्या नावावर खपवत होता. मंत्र खरा का खोटा, हे मंत्राशिवाय काय होतं ते पाहिलं की कळतं.

आज बाईंच्या सांगण्यावरून पंचफुला नाकातोंडावर पदर घेऊन आधी सावकाश चालली, मग तोच चढ चढली. शिट्टी जेमतेम ऐकू आली.

भूत म्हटलं की पळवणाऱ्या मुकादमाला कोणी जाब विचारत नाही, म्हणून तुम्हाला बाबा परवडतो. पंचफुला फाटकाबाहेर उभी आहे, साहेब. तिला आत कधी घेता, आणि बायांना पळवणं कधी थांबवता? उत्तर द्या.