टबातला समुद्रतळ

भूकंप झाला तेव्हा माझ्या नवऱ्याने आधी गॅस बंद केला, मग पाण्याचा मुख्य नळ, मग विजेचा मेन स्विच. मग अनवाणी तीन जिने उतरून फाटकापाशी उभा राहिला आणि बाहेर आलेली माणसं मोजू लागला. सव्वा वर्षाच्या भिंगरीला चादरीसकट उचलून मी खाली पोचले, तेव्हा तो तळमजल्यावरच्या शिंप्यांना ओरडून सांगत होता, ‘‘दोन कमी आहेत! दोन माणसं कमी आहेत!’’

‘‘ती दोन आम्हीच,’’ मी म्हटलं.

शिंपी तोंडाला रुमाल लावून हसले. नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तो समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटावर काम करतो, अठ्ठावीस दिवस तिथे, अठ्ठावीस दिवस घरी. तिथे धोक्याचा भोंगा वाजला की आधी सगळं बंद करायचं आणि ठरल्या जागी उभं राहून डोकी मोजायची. अर्धवट झोपेत हात त्याच सवयीने चालले. रोजच्यासारख्या पहाटे दूध आणायला गेलेल्या सासूबाई परतल्या आणि सगळं ऐकून म्हणाल्या, ‘‘शाबास रे! सिलिंडर वाचवलास हो!’’

धक्का वीस सेकंदांचा. आमची एक बरणी फुटली, बाकी काही नाही. पण बातम्यांत सांगितलं की केंद्र समुद्राखाली होतं, तेही त्याच्या फलाटाच्या दिशेला. आणि उद्या सकाळी त्याचं हेलिकॉप्टर होतं.

‘‘तू जाणार नाहीस,’’ मी म्हटलं. किनाऱ्यावरच्या ऑफिसात त्याच्यासाठी एक जागा रिकामी होती, ती घेतली की समुद्रावर जाणं सुटलं असतं; आज दुपारी बारापर्यंत हो-नाही कळवायचं होतं. गेला आठवडाभर आम्ही तो विषय हळूच बाजूला सारत होतो.

‘‘तू म्हणशील तसं. पण आधी ऐकून तर घे.’’

‘‘एकच सांग. भूकंपाने समुद्रातली विहीर मोडते की नाही?’’

‘‘मोडू शकते.’’

‘नाही’ ऐकून भांडायची माझी सगळी तयारी होती. ती फुकट गेली.

त्याने भिंगरीचा आंघोळीचा टब ओढला. तळाशी तिची खेळायची घट्ट माती थापली, वर पातळ भिजवलेली कणीक ओतली आणि सरबत प्यायच्या नळ्या उभ्या रोवल्या. टब गदागदा हलवला. नळ्या मातीबरोबर डुलल्या, मोडली एकही नाही.

‘‘विहीर जमिनीत घट्ट बसलेली असते. जमीन हलते तशी तीही हलते. नुसत्या हादऱ्याने सहसा काही होत नाही.’’ मग त्याने टब एका बाजूने उचलला. कणकेचा थर घसरला आणि दोन नळ्या मातीच्या वरच काटकोनात वाकल्या. ‘‘हे वाईट. तळावरचा गाळ घसरला तर. किंवा जमीन चिरून एक बाजू सरकली आणि विहीर नेमकी त्या चिरेतून जात असली तर. मग नळी कात्रीत सापडल्यासारखी.’’

‘‘आणि तेल?’’

त्याने कपड्यांचा चिमटा घेतला, बोटांनी दाबून उघडा धरला आणि एक नळी चिमट्याच्या तोंडात धरली. ‘‘तळाच्याही खाली, विहिरीच्या आत अशी झडप असते. वरून दाब देत राहिलं तरच उघडी. नळी तुटू दे, अख्खा फलाट कोसळू दे, दाब गेला की...’’ बोटं सोडली. चिमट्याने नळी गच्च चावली.

‘‘फलाट कोसळू दे म्हणजे? फलाटावर तू असतोस ना!’’

‘‘अगं, उदाहरण दिलं.’’

‘‘उदाहरणात स्वतःला घालू नकोस.’’

‘‘फलाट अशा धक्क्यांचा हिशोब धरूनच बांधलाय. तिथल्या एका सोबत्याचा निरोप आलाय, त्याचा चहासुद्धा सांडला नाही.’’

तेवढ्यात भिंगरीने समुद्रतळ मूठभर उपसून तोंडात घातला. सासूबाई तिचं तोंड पुसत म्हणाल्या, ‘‘ह्या भूकंपाला कसली झडप लावतोस?’’

मला हसू आलं, पण मी हटले नाही. ‘‘झडपा आपोआप मिटतात, मग तुझं तिथे काम काय?’’

‘‘खरंच मिटल्या का, ते कोण बघणार? झडपेच्या वरचा दाब काढून टाकायचा आणि अर्धा तास काट्याकडे बघत बसायचं. काटा चढला तर झडप गळतेय. अशा चौदा विहिरी. सगळ्या नीट निघाल्या की मगच एकेक उघडायची.’’ मग जरा ओशाळून म्हणाला, ‘‘मी प्रत्येक विहीर दोनदा बघतो. पहिल्या वेळेचं मला खरं वाटत नाही. तिथे मला ‘संशयकाका’ म्हणतात.’’

मी बघतच राहिले. भिंगरी झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघते. पाच मिनिटांनी परत बघते. आणि हा माणूस मला हसतो!

‘‘अरे, मग तू माझ्यासारखाच की!’’

‘‘घरात तू असतेस, म्हणून मला हसायला परवडतं.’’

‘‘दोघंही एकाच माळेचे मणी,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘कठीण आहे पोरीचं.’’

पावणेबाराला फोन वाजला. हेलिकॉप्टरच्या जागा लावणारा कारकून. नवऱ्याचे हात कणकेने बरबटलेले, म्हणून मीच उचलला.

‘‘वहिनी, त्यांची उद्याची जागा ठेवू की सोडू?’’

‘‘ते नाही आले तर विहिरी कोण बघेल?’’

‘‘आहे की एक नवीन मुलगा. एकदम चलाख! चौदाच्या चौदा संध्याकाळपर्यंत उरकेल.’’

चौदा विहिरींना प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे सात तास. दोनदा म्हणजे चौदा. हा मुलगा एकदाच बघणार. फलाटावरच्या त्या चहा न सांडलेल्या सोबत्याच्या घरीही कुणीतरी माझ्यासारखी बसली असेल. मी वळून पाहिलं. नवरा कणकेचे हात वर धरून माझ्याकडे बघत होता.

‘‘जागा ठेवा,’’ मी म्हटलं. ‘‘पण खिडकीपाशी नको. त्यांना मळमळतं.’’

‘‘ते कशाला सांगितलंस!’’ नवरा ओरडला, आणि टबाशेजारी बसूनच खदखदून हसला.

मी फोन ठेवला. दोन मिनिटं गेली. मग पुन्हा लावला आणि कारकुनाला विचारलं, ‘‘जागा ठेवली ना नक्की? नाव वाचून दाखवा बरं.’’