माशाच्या कानातला खडा

मित्रांनो, मी एक जुना खडा आहे. अंगठीतला नव्हे, माशाच्या कानातला! दचकलात ना? सगळेच दचकतात.

माझी मालकीण विटकरी रंगाची, टपोऱ्या डोळ्यांची मासोळी. हजार मीटर खोल, समुद्रात बुडालेल्या एका डोंगरापाशी आमचा मुक्काम. उजेडाचा पत्ता नाही, आणि थंडी तर विचारूच नका! अशा गारठ्यात घाई कसली? पहिली अंडी घालायलाच तिला तीसएक वर्षं लागली. पोहताना तिचा तोल मी सांभाळायचो, आणि दर वर्षी माझ्या अंगावर एक थर चढायचा.

परवा डोंगरापाशी सगळ्या मासोळ्या अंडी घालायला जमल्या होत्या. तेवढ्यात जाळं आलं आणि आम्ही हजारोंनी वर ओढले गेलो.

बोटीच्या कप्तानांची मुलगी प्रयोगशाळेत आमच्यासारखे खडे पाहून माशांची वयं सांगते. खडा भिंगाखाली धरायचा, वरवर दिसतील तेवढ्या रेघा मोजायच्या, की झालं काम. मालकिणीच्या डोक्यातून काढलेल्या मलाही तिनं तसंच मोजलं आणि वहीत लिहिलं, पंचवीस. पंचवीस! मी हबकलोच. माझं उरलेलं आयुष्य गेलं कुठे?

"बघ, तरणेताठे मासे," कप्तान खुशीत म्हणाले. "संपतात कसले! उद्या पुन्हा तिथेच निघतोय."

तेवढ्यात मी तिच्या चिमट्यातून निसटलो आणि फरशीवर पडून माझे दोन तुकडे झाले.

"अरे देवा!" म्हणत तिनं मला उचललं. तुटलेली बाजू भिंगाखाली धरली आणि मोजू लागली. मोजता मोजता तिचा चेहरा उतरला. तिनं पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा.

"बाबा, एकशे एकतीस."

"काहीतरीच काय! अगं, तेव्हा माझी आजीसुद्धा जन्मली नव्हती."

"माझंच चुकलं, बाबा. बाकीचे थर आत होते. मी एकही खडा कधी फोडून पाहिला नाही."

कप्तानांनी स्वतः भिंगातून पाहिलं. "आणि मी त्यांना तरणेताठे म्हणत होतो. किती उरले असतील गं तिथे?"

"कोण जाणे, बाबा. पण एवढे पुन्हा वाढायला शंभर वर्षं लागतील." कप्तानांनी फोन लावला. "उद्या बोट निघणार नाही. हो, हो, शुद्धीवर आहे मी!"

मित्रांनो, मी आता सांधला जाणार नाही. पण खाली त्या अंधारात माझ्या मालकिणीच्या काही मैत्रिणी अजून असतील. त्यांच्या कानातल्या खड्यावर यंदाचा थर चढायचा आहे. तेवढा चढू द्या.