जाड ओळी

'शोधा आणि बदला'च्या खिडकीत अंकुशनं वरचा रकाना रिकामाच ठेवला. एक अक्षरही त्यात टाकलं नाही. खाली जाऊन नुसतं 'बोल्ड' निवडलं, दुसऱ्या रकान्यात 'बोल्ड नाही' निवडलं आणि शेवटचं बटण दाबलं. पापणी लवायच्या आत काम झालं. कॉम्प्युटरनं तसं सांगितलंही, सगळं बदललं म्हणून.

त्याला हे फार आवडायचं. शब्द शोधणं कोणालाही येतं. पण शब्द कुठला का असेना, त्याचं रूप तेवढं शोधायचं. जाड दिसलं की बारीक कर, निळं दिसलं की काळं कर. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. नालवाडीच्या या दुकानात, दोन झेरॉक्सच्या मधे, बटणं दाबत दाबत ते त्याचं त्यालाच सापडलं होतं.

वर्ध्याच्या छापखान्यातून सकाळी फोन आला होता. शीर्षकांचं बोल्ड काढून पाठवा, शीर्षकांना आम्ही आमचा फाँट लावतो. त्यानं काढलं. फाइल त्याच नावानं सेव्ह केली, मेल केली, बंद केली. मग एका पानाची प्रिंट काढली, कारण आनंदाबाई येणार होत्या आणि त्यांना कागद हातात घेऊन पाहायला आवडलं असतं. इतके दिवस त्या स्क्रीनवरच वाचत आल्या होत्या.

पुस्तक त्यांचंच होतं. आंजीच्या आनंदाबाई, अंगणवाडीतून रिटायर झालेल्या, आणि गावच्या विहारात बायांचं जे गायन मंडळ आहे त्याच्या पुढं बसणाऱ्या. गाणी सगळी त्यांनीच रचलेली. रविवारी विहारातल्या कार्यक्रमात पुस्तक निघणार होतं.

त्या आल्या तेव्हा सोबत सून होती, मेघा. हीपण मंडळात गायची, मागं बसून.

"आला का बाहेर आमचा कागद?" आनंदाबाईंनी दारातूनच विचारलं.

"आला ना मावशी. बसा. चहा सांगू का?"

"चहा मंग. पयले दाखव."

त्यांनी चष्मा लावला. पान वाचलं. परत वरून वाचलं. अंकुश हसऱ्या तोंडानं वाट पाहत उभा होता.

"अंकुश, हे कोनी म्हनाचं?"

"काय मावशी?"

"हे. मी कुठवर म्हनाचं अन् बायांनी कुठून धराचं? सगळं एकसारखंच दिसून राह्यलं, बापा."

अंकुशच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, फक्त आतून रिकामं झालं. पुस्तकात पुढच्या बाईनं एकटीनं म्हणायच्या ओळी जाड होत्या. मागून बाकीच्या बाया जी झील धरतात, त्या ओळी साध्या. दुसऱ्या गावची मंडळं हे पुस्तक उघडतील तेव्हा त्यांना नुसतं पाहून कळावं, म्हणून. शीर्षकंही जाड होती, आणि आनंदाबाईंच्या ओळीही जाड होत्या. त्यानं मशीनला म्हटलं, जाड असेल ते बारीक कर. मशीननं ऐकलं.

तो खुर्चीवर बसला. फाइल उघडली. केलेलं मागं फिरवणारं कंट्रोल झेड दाबलं, परत दाबलं. फाइल एकदा बंद केली की ते चालत नाही, हे त्याला माहीत होतं; तरी दाबलं.

"मावशी, माह्याकडून गडबड झाली," तो म्हणाला. "शीर्षकाचं काढाले गेलतो, तुमचंही निघून गेलं."

"सगळ्या गान्यांचं?" मेघानं विचारलं.

"सगळ्यांचं, वहिनी."

बाकावर हिरालाल बसले होते, सातबाऱ्याच्या झेरॉक्ससाठी. तिथून ते म्हणाले, "अबे, एक बटन दाबून गाव साफ केलं का तू?"

"काका, तुम्ही थांबा ना जरा."

"मी थांबूनच आहो. अर्धा घंटा झाला."

अंकुशनं छापखान्यात फोन लावला. पाठवलेली फाइल छापू नका म्हणाला. पलीकडून उत्तर आलं की चार वाजेपर्यंत थांबतो, मग मशीनवर चढवतो, नाहीतर रविवारचं आमच्यावर नाही.

आनंदाबाई चिडल्या नाहीत. खुर्ची ओढून स्क्रीनजवळ बसल्या आणि बोट ठेवून सांगायला लागल्या. हे माहं. हे बायांचं. हे माहं... नाई, थांब. दुसऱ्याच गाण्यात बोट अडकलं.

"वाचून नाई आठवत मले," त्या म्हणाल्या. "म्हनून आठवते."

"मंग म्हना," अंकुश म्हणाला. "तुम्ही म्हना, वहिनी झील धरतील. तुमचा आवाज आला का मी ती ओळ लाल करतो. लाल अठून तुमाले बी दिसन, चुकलं का लगेच सांगजा. मंग शेवटी सगळं लाल एका दमात जाड करून देतो."

"अठी? दुकानात?"

"म्हना हो बाई," हिरालाल म्हणाले. "झेरॉक्सच्या मशीनपेक्षा बरंच असन."

आनंदाबाईंनी पदर नीट केला. एकदा खाकरल्या. आणि सुरू झाल्या.

पाटी घेतली लेकीनं, पेन्सिल घेतली लेकीनं.

मेघानं मागून धरलं: आता कोन अडवते, बाई, कोन अडवते.

अंकुशनं हा आवाज विहारात ऐकला होता, पण माइकमधून, मंडपाच्या टोकाला उभं राहून. इतक्या जवळून कधीच नाही. आवाज मोठा नव्हता. आत कुठंतरी तापत ठेवलेला असावा तसा होता, आणि शब्दाच्या शेवटाला त्या तो सोडून देत नव्हत्या, हातानं ठेवल्यासारखा ठेवत होत्या. अंकुशचा माउस एक ओळ मागं पडला. रस्त्यावरून जाणारा एक माणूस सायकलवरून पाय खाली टेकवून उभा राहिला, ऐकलं, आणि निघून गेला.

चालीपुरतं एकेक कडवं म्हणत, उरलेल्या कडव्यांवर नुसतं बोट फिरवत त्या पुढं सरकल्या. स्क्रीनवर लाल ओळी वाढत गेल्या. एखादी चुकली की त्या गाता गाताच बोट हलवायच्या आणि अंकुश ती परत काळी करायचा. मेघा फक्त आपल्या जागी यायची. तिचा आवाज बारीक होता, स्वच्छ, आणि नेमका थांबणारा.

तो थांबायला शिकलेला आवाज आहे, असं अंकुशला वाटलं. मागच्याच आठवड्यात याच दुकानात मंडळाची सेक्रेटरी हर्षा आनंदाबाईंना म्हणाली होती, "मावशी, रविवारी एखादं गानं मेघाले पुढून म्हनू द्या ना." आनंदाबाईंनी स्क्रीनवरची नजरही काढली नव्हती. "काऊन? माहा आवाज बसला का?" मेघा तेव्हा पिशवीचा बंद गुंडाळत होती. गुंडाळून झाला, तो तिनं सोडला, आणि परत गुंडाळायला घेतला.

शेवटचं गाणं उरलं. ते मोठं होतं. छप्पन साली आंजीच्या बाया धम्मदीक्षेसाठी नागपूरला पायी निघाल्या, त्याचं गाणं. आनंदाबाईंची आई त्यात होती, आणि तिच्या कडेवर आनंदाबाईंची थोरली बहीण. त्या गाण्याची पहिली ओळ लांबलचक आहे, दर कडव्याच्या सुरुवातीला ती परत येते आणि एका दमात म्हणायची असते. मधे श्वास घ्यायचा नाही. फाइल टाइप करताना अंकुशनं त्या ओळीचे दोन तुकडे केले होते, पानात बसत नाही म्हणून. आनंदाबाईंनी ते जोडायला लावले होते. "माही माय मधात कुठं बसली नाई," त्या म्हणाल्या होत्या, "मंग मी कायले बसू?"

आता त्यांनी छातीभर श्वास घेतला.

डोईवर भाकर, कडेवर लेकरू, पायाले फडकं बांधून...

आणि तिथं आवाज संपला. घसा बसला नव्हता, सूर हलला नव्हता. श्वासच पुरला नव्हता. पण ओळ तुटली नाही. कारण 'बांधून'चा शेवट हवेत असतानाच मेघानं पुढचं उचललं होतं:

...बाया निघाल्या नागपूरच्या वाटेनं, बाई, वाटेनं.

डोळे मिटून ऐकणाऱ्या माणसाला काही कळलं नसतं. हिरालालना कळलं नाही. त्यांचं बोट गुडघ्यावर ठेका धरून होतं. मेघानं लगेच झील धरली, चाल माय चाल, पहाट झाली चाल, जणू ती आधी काही बोललीच नव्हती. मान खाली होती.

अंकुशचा हात मात्र अडला. जिचा आवाज ऐकला तिचा रंग, असंच तो इतका वेळ करत आला होता. हाताला सवय लागली होती. अर्धी ओळ त्यानं लाल केली. उरलेली अर्धी मेघाच्या आवाजात होती, पण झील नव्हती; तिला, विचार करायच्या आत, हिरवा रंग देऊन बसला.

स्क्रीनवर ती ओळ स्पष्ट दिसत होती. अर्धी लाल, अर्धी हिरवी. आनंदाबाई तिच्याकडे पाहत होत्या.

"बदलवतो मावशी," तो घाईनं म्हणाला. "तुमचीच आहे ती. लाल करतो पूर्ण."

"राहू दे."

"नाई पन..."

"जसं झालं तसंच लावलं ना तू? मंग राहू दे." त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. "पुढचं कडवं."

पुढच्या कडव्याला त्यांनी सुरुवात केली आणि आधीच्यापेक्षा लवकर थांबल्या. या वेळी श्वास संपला नव्हता. हे अंकुशलाही कळलं. त्या मेघाकडे न पाहता नुसत्या थांबल्या. मेघा थोडी उशिरा आली, पण आली. हिरवं वाढलं. तिसऱ्या कडव्याला आनंदाबाईंनी पहिला शब्द तेवढा दिला. मेघानं श्वास घेतला आणि ती लांबलचक ओळ, भाकर, लेकरू, फडकं, वाट, सगळी एका दमात टोकाला नेऊन ठेवली. ठेवली, सोडली नाही. सासूसारखीच.

"भल्ला आवाज आहे ना हिचा बी," हिरालाल म्हणाले.

"आहेच मंग," आनंदाबाई म्हणाल्या. "आज कळलं का तुमाले?"

मेघानं मान वर केली.

साडेतीन वाजले होते. अंकुशनं ती खिडकी उघडली. आनंदाबाई पुढं वाकून पाहायला लागल्या.

"हा वरचा डब्बा रिकामा काऊन ठेवते?"

"तो शब्द नाई पाहात मावशी. मी त्याले म्हनलं, लाल दिसलं का काळं अन् जाड कर. लाल ते कोनतं अक्षर आहे, कोनाचं आहे, त्याले घेनंदेनं नाई."

"हुशार आहे तुहं यंत्र."

"सांगाचं नीट लागते त्याले. सकाळी मी नीट नोतं सांगतलं." त्यानं या वेळी बटण दाबायच्या आधी दोन्ही रकाने वाचून पाहिले. शीर्षकं यात येत नाहीत ना, तेही पाहिलं. मग दाबलं. सगळं लाल एका झटक्यात काळं झालं, जाड झालं. पानामागून पान, प्रत्येक ओळ आपल्या जागी. आनंदाबाईंच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

आता फक्त शेवटच्या गाण्यात हिरवं उरलं होतं.

"हे तिरपं करू का?" अंकुशनं विचारलं. "म्हंजे पुस्तकात दिसन, का हे मेघावहिनीचं आहे म्हनून."

मेघा म्हणाली, "नको भाऊ. साधं करून टाका. झीलच समजतील."

"साधं काऊन?" आनंदाबाई म्हणाल्या. "अन् तिरपं बी नको. ते बी जाडच कर."

"पन मंग कोनाचं कुठून ते कळनार नाई, मावशी."

"वाचनाऱ्याले कायले कळाले पायजे? दाब."

अंकुशनं दाबलं. हिरवं गेलं. तो त्या ओळीजवळ गेला, अक्षरं मोठी करून पाहिली. लाल कुठं संपलं आणि हिरवं कुठून सुरू झालं, ती जागा त्याला माहीत होती. त्यानंच रंगवली होती. तरी आता ती सापडेना. सगळी ओळ एका हातानं लिहिल्यासारखी काळी आणि जाड, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

त्यानं फाइल नव्या नावानं सेव्ह केली. छापखान्याला पाठवायच्या आधी शेवटच्या गाण्याची प्रिंट काढून आनंदाबाईंना दिली.

"एकदा म्हनून पाहा मावशी. बरोबर लागलं का."

त्यांनी कागद घेतला, पाहिला आणि मेघाच्या हातात दिला.

"म्हन."

"मी? आई, हे तर..."

"जाड आहे ना? मंग म्हन."

त्या उठल्या. खुर्ची मेघाकडे सरकवली आणि मागं बाकाकडे गेल्या. हिरालालना म्हणाल्या, "सरका हो जरा," आणि त्यांच्या शेजारी बसल्या. मेघा खुर्चीवर बसली नाही. उभीच राहिली, कागद दोन्ही हातांत धरून, सासूकडे पाठ करून.

तिनं श्वास घेतला. डोईवरच्या भाकरीपासून नागपूरच्या वाटेपर्यंत ती एका दमात गेली.

मग साधी ओळ आली. मेघा थांबली. ही ओळ आजवर ती मागून धरत आली होती, आणि आता पुढं उभं राहून तिला ती धरता येत नव्हती. हिरालालचं बोट गुडघ्यावर थांबलं. अंकुशनं माउसवरचा हात काढला.

मग मागून, बाकावरून, किंचित उशिरा, त्या जागेची सवय नसलेला एक जुना आवाज आला.

चाल माय चाल, पहाट झाली चाल.