घाटापलीकडचं मशीन

मातीच्या तीनही पोत्यांवरून सीटबेल्ट ओढून खटक्यात बसवला, तेव्हा कुठे गाडीची टुणटुण थांबली. ठकूने पट्टा पुन्हा एकदा ताणून पाहिला, दार लावले आणि वळसा घालून आपल्या जागेवर येऊन बसली. कुंड्यांसाठी मिळते त्या मातीची ती वीस-वीस किलोची पोती होती. दादाचे वजन अठ्ठावन्न. दोन किलो त्याच्या कोटाचे धरायचे.

समोरच्या इमारतीतली बाई कुत्र्याला फिरवत होती. ती थबकली आणि काचेतून वाकून पोत्यांकडे पाहू लागली.

"माती कुठे निघाली?"

"फिरवून आणते," ठकू म्हणाली.

बाई आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून थांबली. मग कुत्र्यानेच तिला पुढे ओढले.

ठकूने हीटर बावीसवर ठेवला. तिला स्वतःला तो लागत नसे. हिवाळ्यातही ती काच दोन बोटे खाली ठेवून गाडी चालवी. पण येताना शेजारी दादा असणार होता, आणि त्याला थंडी सोसणार नव्हती. ती धरणाच्या रस्त्याला लागली. तो रस्ता चढाचा होता, आणि जाऊन-येऊन बरोबर एकशे चाळीस किलोमीटर भरत होता. दर दहा किलोमीटरला ती पडद्यावरचा आकडा मनाशी म्हणे. परत दारात आली तेव्हा बॅटरीत सहा टक्के उरले होते. तिने वहीत सहा लिहिले, त्याखाली रेघ मारली आणि थोडा वेळ तशीच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. शेजारी पोती मुकाट बसलेली होती.

ठकू सत्तावन्न वर्षांची होती आणि इस्पितळाच्या एक्स-रे विभागात तिची एकतीस वर्षे गेली होती. तिथे तिला सगळे मॅडम म्हणत. ठकू म्हणणारा जगात एकच माणूस उरला होता. तो सरहद्दीपलीकडच्या देशात, अकराशे तीस किलोमीटरवर राहत होता. दादा तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. तरुणपणी कामासाठी गेला तो तिकडचाच झाला. आई अंथरुणाला खिळली ती अकरा वर्षे. ती सगळी ठकूने काढली. आई गेली तेव्हा दादा आला होता, चार दिवस, आणि चारही दिवस पाहुण्यासारखा वागला. पाणीसुद्धा मागून घेतले. त्याला आता चार वर्षे झाली. भांडण असे काही नव्हते. भांडण असते तर ते मिटवता तरी आले असते.

त्या चार वर्षांत तिने त्याचा चेहरा पाहिला नव्हता, पण छाती पाहिली होती. उन्हाळ्यात त्याने फोनवर आपल्या एक्स-रेचा फोटो पाठवला, खाली दोनच शब्द: 'बघ जरा.' डावे फुप्फुस वरून सुटून खाली गोळा झाले होते. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दुसऱ्या फोटोत तिला सातव्या बरगडीवर एक जुना, सांधून गेलेला मोड दिसला. दादा कधी पडला होता, त्याला कुणी उचलले, तिला काही ठाऊक नव्हते. तो मोड ती मोठा करकरून पाहत राहिली होती.

डॉक्टरांनी त्याला दोन गोष्टी सांगितल्या होत्या: एकटे राहू नका, आणि विमानात बसू नका. आगगाडीने यायचे तर तीनदा गाडी बदलायची, प्रत्येक ठिकाणी जिने आणि हातात सामान. ठकूने ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग मी न्यायला येते." दादा त्यावर "बघू" म्हणाला. त्या "बघू"वर तिने आठ दिवसांची रजा टाकली. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. एरवी सणासुदीला, सुट्टीच्या आदल्या दिवशी, कुणालाही घरी जायचे असले की पाळी बदलून घ्यायला ठकूच असे. तुमचं काय मॅडम, तुम्ही मोकळ्या, असे सगळे म्हणत. साहेबांनी अर्जावर सही केली आणि हळूच विचारले, "सगळं बरं आहे ना?"

गाडी लहान होती, विजेवर चालणारी, आठ वर्षे वापरलेली. गॅरेजच्या मिस्त्रीने ती उचलून खालून पाहिली, बॅटरीला यंत्र लावले आणि हात पुसत बाहेर आला.

"बॅटरी शंभरातली ब्याऐंशी उरलीय. वयाच्या मानानं ठणठणीत आहे. सोबत कोण आहे?"

"जाताना कुणी नाही. येताना भाऊ."

"जाताना गप्पा नाहीत म्हणजे लक्ष रस्त्यावर राहील," मिस्त्री म्हणाला. मग तिने पुढे केलेली वही त्याने घेतली. गाडी चार्ज करायचे जातानाचे सात थांबे तिने त्यात उतरवले होते, प्रत्येकापुढे अंतर, चढ आणि किती टक्के उरतील ते. मिस्त्रीचे बोट सहाव्या थांब्यावर येऊन थांबले.

"हे काय?"

"सरहद्द ओलांडली की घाट. घाट उतरल्यावर पहिलं गाव हेच. आधीच्या थांब्यापासून एकशे चाळीस किलोमीटर."

"आणि इथलं मशीन बंद असलं तर?"

 नकाशावर तिथे चार्जिंगची दोन मशीने दाखवत होती, पण आठ महिन्यांत कुणी त्यावर अवाक्षर लिहिलेले नव्हते. शेवटचा अभिप्राय होता: 'एक बंद.' दिलेल्या नंबरावर फोन केला की तिकडच्या भाषेत एक बाई तेच तेच वाक्य ऐकवी आणि फोन तुटे.

"जाताना तिथं पोचाल तुम्ही," मिस्त्री म्हणाला, "पण पुढं जायला आणि परत घाट चढायला गाडी तिथंच भरावी लागणार. एवढ्या भरवशावर निघू नका, मॅडम. उन्हाळ्यात जा."

"पंधरा दिवसांत घाट बर्फानं बंद होतो. मग पाच महिने."

मिस्त्रीने वही परत दिली. पाच महिन्यांचा हिशेब त्याला कळणार नव्हता. दोन एक्स-रेंमध्ये दोनच महिने गेले होते, हे त्याला ठाऊक नव्हते.

तिथून ती दुकानात गेली. त्या देशात गाडीतल्या प्रत्येक माणसासाठी चमकत्या पट्ट्यांचे एकेक जाकीट ठेवावे लागे. तिने दोन मागितली.

"दुसरं कोणत्या मापाचं?" दुकानदाराने विचारले.

ती क्षणभर गोंधळली. त्याच्या बरगड्या तिला एकेक करून आठवत होत्या. खांदे आठवेनात.

"मधलं द्या," ती म्हणाली.

रविवारी सकाळी दहाला तिने दादाला फोन लावला. तो दिवस आणि ती वेळ त्यांची ठरलेली होती. बोलणे सहसा सात-आठ मिनिटांत संपे.

"एवढा आटापिटा कशाला चाललाय तुझा?" दादा म्हणाला. "मी ठीक आहे इथं."

"दम लागतोय का?"

"लागतो थोडा. वयच आहे."

"गुरुवारी निघायचं म्हणतेय. शनिवारी पोचेन. सगळं ठरवलंय, ऐक." आणि ती वहीतून वाचू लागली. पहिला थांबा, चाळीस मिनिटे. दुसरा, पस्तीस. तिसऱ्यावर मुक्काम. दादा प्रत्येकाला "हं" म्हणत होता. सहाव्यावर ती थांबली.

"तुझ्याकडचं ते घाटाखालचं गाव आहे बघ. तिथलं मशीन चालू आहे की नाही, तेवढं कळत नाहीये. मी पोचेन तेव्हा गाडीत जेमतेम सहा-सात टक्के असतील."

"बंद असलं तर?"

"बसून राहायचं."

"ते कुठलं तरी आडगाव. इथून शंभर किलोमीटर आहे. मी कधी गेलेलो नाही."

"मी तुला जा म्हणत नाहीये, दादा."

"हं."

पलीकडे भांडे वाजल्याचा आवाज आला.

"दूध ठेवलंय," दादा म्हणाला. "उतू जाईल."

फोन ठेवल्यावर ठकू वही उघडी ठेवून टेबलाशी बसून राहिली. आठ दिवसांपूर्वी तिने आईची खोली आवरून काढली होती. कपाट रिकामे केले, कॉट भिंतीकडून खिडकीशी ओढली, पडदे धुतले. ती खोली कशी आहे, तिथे ऊन येते का, हे दादाने एकदाही विचारले नव्हते. यायचेच नसेल, असे तिच्या मनात आले. आणि नाही म्हणायचा संकोच वाटत असेल, म्हणून हे "बघू" आणि "हं". आपण उगीच एका माणसाच्या मागे लागलो आहोत. न मागितलेली माया कुणाच्या दारात नेऊन टाकणे बरे नव्हे. तिने सिंकमधला एक कप धुतला, पालथा घातला. त्या दिवशी धुवायला दुसरे काही नव्हते.

सोमवारी ती कामावर गेली तेव्हा साहेबांना सांगायचे ठरवून गेली होती की रजा राहू द्या. पण सोमवारी साहेब नव्हते. मंगळवारी होते, तर ती त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आली. बुधवारी जेवणाच्या सुट्टीनंतर सांगू, असे तिने ठरवले.

बुधवारी दुपारी पावणेएकला, जेवायच्या आधीचा शेवटचा माणूस आत होता: बसचा ड्रायव्हर, चांगला रुंद, खोकला जात नाही म्हणून पाठवलेला. तो शर्ट काढत होता तेवढ्यात ठकूचा फोन थरथरला. दादा. बुधवारी, आणि या वेळी.  ती काचेच्या आडोशाला गेली.

"दादा? काय झालं?"

"काही नाही. ऐक, लिहून घे." मागे वारा वाजत होता आणि एखादी जड गाडी जवळून गेल्यासारखा आवाज आला. "दोन मशीनं आहेत. डावीकडचं बंद आहे, त्यावर कागद चिकटवलाय. उजवीकडचं चालू आहे. लिहिलंस?"

ठकूच्या हातात पेन नव्हते.

"तू कुठून बोलतोयस?"

"इथूनच. तुझ्या त्या गावातून. सकाळच्या पहिल्या बसनं आलो. मध्ये एकदा बदलावी लागते."

"बसनं? तुला चढताना दम लागतो ना?"

"बसला दोनच पायऱ्या असतात. एक चढलो, थांबलो, मग दुसरी." तो थांबला, दम घेऊन पुन्हा बोलू लागला. "हिरवा दिवा आल्या आल्या दिसला मला. तेव्हाच फोन करणार होतो. पण समोरचा दुकानदार म्हणाला, दिवा हिरवा असतो आणि तरी कधी कधी वीज येत नाही. म्हणून मग बसलो, कुणी येतंय का बघत. गाड्या फारशा येत नाहीत इथं. आत्ता एक बाई आली. तिनं लावली. मी जाऊन विचारलं, भरतेय का. ती म्हणाली, भरतेय. तरी मी तिचा आकडा वर चढताना बघितला. तू म्हणशील, खात्री केली नाही."

"किती वेळ बसलायस, दादा?"

"झाले असतील चार तास. बाकडं आहे दुकानाबाहेर. कॉफी बरी देतो."

ठकूने काचेवर हात टेकवला. पलीकडे ड्रायव्हर उघड्या अंगाने, हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा होता.

"शनिवारी किती वाजता येशील तू इथं?" दादाने विचारले.

"दोनपर्यंत. पण तू घरीच थांब. तिथं परत जाऊ नकोस."

"बघू," दादा म्हणाला.  "आईच्या खोलीत झोपायचं ना मी?"

"हो. कॉट खिडकीशी घेतलीय."

"बरं केलंस. आईला ती तिथंच हवी होती." तो खोकला. "फोनवर म्हणायची मला. ठकूला सांगू नकोस, म्हणायची, तिला एकटीला ओढायला जड होईल." 

 दादाने उत्तराची वाट पाहिली नाही.

"चल, माझी बस आली. गाडी सावकाश चालव," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

तिने फोन खिशात ठेवला. आत जाऊन ड्रायव्हरला एक्स-रेच्या पाटीसमोर नीट उभे केले, त्याचे खांदे पुढे ढकलले, हनुवटी वर केली. काचेआड परत येऊन बटणावर बोट ठेवले.

"मोठा श्वास घ्या. धरून ठेवा."

तिने बटण दाबले. पडद्यावर चित्र उमटले: रुंद, स्वच्छ छाती, दोन्ही फुप्फुसे वरपर्यंत भरलेली, एकही बरगडी वाकडी नाही. ती त्याकडे पाहत उभी राहिली. ते चित्र तिला दिसत होते की नाही कोण जाणे.

"मॅडम," आतून कोंडलेला आवाज आला, "सोडू का?"

"सोडा," ठकू म्हणाली. "सोडा, सोडा."