लंगडा दिसला की रडणारी देवी

"रडली! देवी रडली!"

बायका ऊर बडवत होत्या, पुरुष एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बघत होते, आणि हेरादेवीच्या लाकडी मूर्तीच्या डोळ्यांतून लालभडक थेंब गालांवर ओघळत होते. समोर दोघांनी दंड धरून अर्खिप्पोस लोहाराला उभं केलं होतं. त्याचा डावा पाय जन्मापासून आखूड.

"बघा, लोकहो!" मूर्तीच्या तोंडासमोर तिवईवर ठेवलेल्या शेगडीत धूप टाकत थिओक्लीस भगत गरजला. "लोहारांचा देव हेफाइस्तोस लंगडा निपजला तेव्हा ह्या माउलीनं पोटच्या पोराला स्वर्गातून खाली भिरकावलं! देवाची गय केली नाही, तिथं ह्या काजळीतोंड्याची करेल? हा गावात असेतो तुमच्या शेळ्या गाभडणारच!"

पहिला दगड अर्खिप्पोसच्या कानाला लागला. फेकणाऱ्याच्या घरातला विळासुद्धा त्यानंच घडवलेला होता.

मी निकोमेदीस, या गावचा वैद्य. शेळ्या का गाभडतात, पोटातली करडं का पडतात, असं लोकांनी मला आधीच विचारलं होतं. "माहीत नाही, शोधावं लागेल," असं मी खरं ते सांगितलं. तेवढ्यात हा थिओक्लीस गाढवावर मूर्ती लादून बंदरातून वर आला. त्याला सगळंच माहीत होतं. लोकांना असाच माणूस हवा असतो. पंधरवड्यात अर्खिप्पोसची भट्टी विझली आणि तिच्या जागी देवीचं ठाणं बसलं. घरोघरची कोकरं तिथं शांतीसाठी कापली जाऊ लागली. देवीच्या वाट्याला धूर यायचा, भगताच्या वाट्याला मांड्या.

असं चाललेलं असतानाच फानियासच्या घरी मुलगी झाली. दोन्ही पावलं आत वळलेली. फानियास ऑलिव्हच्या बागेचा मालक, एरवी समजूतदार माणूस. पण त्यानं आधी भगताला विचारलं आणि मग मला बोलावलं.

"वैद्यबुवा, तो म्हणतो, नाव ठेवायच्या आत पोरीला डोंगरावर टाकून या. नाहीतर देवी अख्ख्या घरावर कोपेल."

आतून त्याची बायको मेलिट्टा ओरडली, "तिला उचलायला या, मग बघते! आधी मला उचलून न्यावं लागेल!"

मी बाळाची पावलं हातात घेतली. हाडं कोवळी होती.

"रोज थोडी थोडी सरळ करून पट्ट्या बांधायच्या. अशी पोरं चालताना मी पाहिली आहेत, फानियास."

"पण खुद्द देवीनं आपलं पोर टाकलं..."

"आणि त्याच देवीच्या बापानं, क्रोनोसनं, आपली पोरं गिळली. तू गिळणार आहेस का? देवांच्या गोष्टी म्हणजे बापांना दिलेले हुकूम नव्हेत!"

त्याची नजर मात्र बाळाच्या पावलांवरून हलेना.

त्याच दुपारी अर्खिप्पोस चिघळलेल्या कानाची पट्टी बदलून घ्यायला आला. बसताबसताच भडकला.

"हेफाइस्तोसला फेकलं म्हणे! मग पुढचं का नाही सांगत? देवांचे वाडे कुणी बांधले? आणि त्याला स्वर्गात परत न्यायला देवांनीच निरोप का धाडले?" मग म्हणाला, "आणि ही तुमची देवी पहिल्यांदा मला बघून रडलीच नव्हती, ठाऊक आहे? पाऊस होता त्या दिवशी. शेगडीतले निखारे विझलेले. भगत म्हणाला, ह्याच्या मनात कपट आहे, उद्या परत आणा."

माझा हात पट्टीवरच थांबला.

दुसऱ्या दिवशी मी फानियासला घेऊन ठाण्यावर गेलो. गर्दी होतीच. मी म्हणालो, "थिओक्लीस, आज शेगडी बाहेर ठेवू या."

"देवीची परीक्षा घेतोस, नास्तिका?"

"शेगडी नसली तर तिला लंगडा दिसणार नाही का?"

कुणीतरी हसलं. भगत शिव्याशाप देऊ लागला. तेव्हा फानियास पुढे झाला.

"लेक माझी जाणार आहे, तुझी नाही. मला बघायचंय." आणि त्यानं स्वतः ती तिवई शेगडीसकट ओढून बाहेर नेली.

मूर्तीचा चेहरा निवू दिला, गाल पुसले. मग अर्खिप्पोस समोर उभा राहिला. माणसं वाट बघून कंटाळली, पोरं भुकेनं रडू लागली. देवीचे डोळे मात्र कोरडेच.

"रुसली!" भगत म्हणाला. "तुमच्या पापानं रुसली!"

"असेल," मी म्हणालो. "दामोन, तू ये."

दामोन आमच्या गावचा पैलवान, खेळांत मुकुट जिंकून आलेला. तो पाय रोवून उभा राहिला आणि फानियासनं शेगडी परत मूर्तीसमोर आणली. थोड्याच वेळात देवीच्या डोळ्यांतून लाल धार लागली.

"काय रे दामोन," मागून एक म्हातारी ओरडली, "कधी झालास लंगडा?"

हशा उसळला. मी मूर्तीच्या डोळ्याच्या खाचेत नख घातलं, निघालेला लाल गोळा वर धरला आणि आधी फानियासला हुंगायला दिला.

"चरबी!" तो म्हणाला.

"मेंढीची. लाल मुळीनं रंगवलेली. गार असली की घट्ट, शेगडी आली की पाझरते. समोर लंगडा असो नाहीतर पैलवान! तुमच्याच कोकरांची चरबी तुम्हाला रक्त म्हणून दाखवली ह्यानं."

आता तेच दगड भगताकडे वळले. तो बंदराकडे पळत सुटला. त्याचा कैवार घ्यावा असं मला मुळीच वाटलं नाही, पण मी दामोनला मध्ये उभं केलं. त्या हातांना दगडाची चटक लागलेली मला नको होती. अर्खिप्पोसची माफी कुणीच मागितली नाही. "पण पाय आखूड आहे तो आहेच ना," असं पुटपुटणारेही होते. त्यानं मूर्ती उचलून रस्त्यात ठेवली आणि भट्टी पेटवायला आत गेला.

फानियासनं आमच्याकडच्या बारशाच्या रीतीनं लेकीला छातीशी धरून चुलीभोवती फेरी घातली आणि सगळ्यांदेखत तिला आपली म्हटलं. पट्ट्या मी बांधल्या. एक पाऊल सरळ झालं, दुसरं थोडं वाकडं राहिलं. राहू दे! ती त्या पावलानंच बागेत धावते.

शेळ्या का गाभडल्या किंवा एखादं पाऊल वाकडं का निपजतं, हे मला अजून ठाऊक नाही. पण ते कुणाचं पाप नव्हे, एवढं नक्की. तेव्हा बाबांनो, उद्या कुठली मूर्ती रडली, घामेजली, बोलली, तर हात जोडायच्या आधी तेच हात पुढे करा आणि ओल कुठून येते ते चाचपून बघा. देवी खरी असेल तर रागावणार नाही. रागावेल तो भगत, आणि त्यावरूनच काय ते समजा.